जनावरांच्या दवाखान्यातले सरकार

आमच्या दवाखान्यात राजा येणार आहे ही बातमी मला शिरूरच्या बसस्टँडवर भजी तळणाऱ्या बाईकडून कळली. "तुमच्याकडं राजा यायलाय म्हनं," ती म्हणाली, "खराखुरा. गादीवाला." मला वाटलं थट्टा करतेय. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात राजा कशाला येईल? तिथे खूर सडलेले बैल येतात, पोट फुगलेल्या शेळ्या येतात, आणि वर्षातून एकदा बीडहून साहेब येऊन रजिस्टर बघून जातात.

मी तिथे परिचर होते, अजूनही आहे. आधी माझे वडील त्या जागेवर होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि अनुकंपेवर मला घेतलं. बाईमाणूस म्हशीला तपासणीच्या खोड्यात कशी घालते ते बघायला पहिलं वर्षभर लोक मुद्दाम येऊन उभे राहायचे. नंतर त्यांनाही कंटाळा आला. घरात आई आणि मी, दोघीच. सासरहून मी परत आले त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि त्याविषयी सांगण्यासारखं काही नाही.

तर राजा आला तो एस.टी.नं. फाट्यावर सरपंच, त्यांची माणसं, दोन हार आणि एक हलगीवाला असे सगळे उभे होते. मीही गेले होते, नव्या डॉक्टरसाहेबांचं सामान उचलायला. गाडीतून दोघं उतरले. पुढच्याच्या अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला फेटा, भरघोस मिशा, हातात काठी. मागचा किडकिडीत, चुरगळलेल्या बुशशर्टातला, खांद्यावर पत्र्याची ट्रंक. सरपंचांनी कोटवाल्याच्या गळ्यात हार घातला, चार म्हातारे त्याच्या पायाशी वाकले. तो माणूस अंग चोरून मागे सरला. "अहो, मी कारभारी. पोहोचवायला आलोय. सरकार हे."

ट्रंकवाला हसला. ट्रंक खाली ठेवून म्हणाला, "राहू द्या. हार त्यांनाच शोभतोय."

मग सगळे त्याच्या पायाशी वाकायला लागले. मी ट्रंक उचलली आणि चालायला लागले. कुणाकडे बघावं तेच मला कळेना.

ते नगरच्या पलीकडच्या एका लहान संस्थानच्या घराण्यातले होते. संस्थान खालसा होऊन दोन पिढ्या उलटल्या, तनखे बंद झाले, तरी तिकडे गादी होती, दसऱ्याला दरबार भरत होता. गादीवर थोरले भाऊ. हे धाकटे. जनावरांचे डॉक्टर झाले, परीक्षा दिली, आणि जिथे कुणी मागून घेत नाही ती शिरूरची जागा यांना मिळाली. किंवा यांनी मागून घेतली. दोन्ही ऐकलंय मी.

लोकांनी पहिल्या दिवसापासून त्यांना 'सरकार' म्हणायला सुरुवात केली. घरी येऊन मी आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू म्हनायचं न्हाई. सरकार येकच, मुंबईत बसतंय ते. आन तेबी आपुन निवडल्यालं."

"मग काय म्हणू?"

"तुज्या बापानं आदीच्या डाक्टरला काय म्हनलं?"

"सर."

"मग सर."

म्हणून मी एकटीच त्यांना सर म्हणायची. आख्ख्या तालुक्यात मी एकटी. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण माझी खात्री आहे, त्यांच्या ते ध्यानात होतं.

लोकांचा त्यांच्यावर इतका जीव कसा जडला हे मला नीट सांगता येणार नाही. कामाला ते चांगले होते, पण आधीचे डॉक्टरही वाईट नव्हते. व्यालेल्या म्हशीची वार अडकली की हे शर्ट काढून खांद्यापर्यंत हात आत घालायचे, आणि त्याच वेळी मालकिणीशी लेकीच्या लग्नाच्या गप्पा मारायचे. कुणाच्याही गोठ्यात पोत्यावर बसायचे. नाव जनावराचं आधी विचारायचे, माणसाचं मग. पण हे सगळं एखाद्या साध्या डॉक्टरनं केलं असतं तर लोक म्हणाले असते, माणूस बरा हाय. हे करायचे तेव्हा म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. "राजा असून गं!" मला प्रत्येक जण हेच सांगायचा. राजा असून चहा पितो, राजा असून खाली बसतो. मग वाटायचं, माझा बापही तीस वर्षं हेच करत होता, त्याच्यासाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आणि लगेच वाटायचं, यात या माणसाची काय चूक?

दसरा उलटला की आमच्या भागातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. पत्रे, चूल, कोंबड्या, लेकरं, सगळं बैलगाडीत. पहिल्याच वर्षी सरांनी फाट्यावर बाभळीखाली टेबल टाकलं आणि जाणारी प्रत्येक गाडी थांबवून बैलांचे खूर आणि खांदे तपासायला सुरुवात केली. एका बैलाचा खांदा सुजून कढत झाला होता.

"याच्यावर महिनाभर जू ठेवायचं नाही," सर म्हणाले.

टोळीचा मुकादम गाडीच्या पुढे उभा होता. "सरकार, उशीर व्हायलाय. मग गाडी कोन वढील?"

"तुम्ही."

सगळे हसले, मुकादमही हसला, पण बैलवाले नवराबायको हसले नाहीत. त्यांची एकच बैलजोडी होती. सरांनी मला जीपमध्ये घेतलं आणि ती गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदाराच्या दारात नेऊन उभी केली. त्या माणसानं कुणाला साधी पाण्याची मोटर कधी दिली नव्हती. सर ओसरीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "हंगामापुरता एक बैल पाहिजे."

"न्या की, सरकार. तुमचंच हाय सगळं."

परत येताना ड्रायव्हर जीप हळू चालवत पुढे, बैल तिच्या मागे, आम्ही पायी. सर मला म्हणाले, "मी नुसता डॉक्टर असतो तर दिला असता का त्यांनी?"

"न्हाई."

"मग काय वाईट झालं?"

वाईट काहीच झालं नव्हतं. गाडी निघाली, ती बाई लेकराला कडेवर घेऊन दूरपर्यंत हात हलवत राहिली. तरी मला काहीतरी खटकत होतं आणि ते काय होतं ते आजही मला सांगता येत नाही.

ते हे काम का करतात हे सगळ्यांनाच विचारायचं असायचं. "सरकार, तुमी कावून ह्यात पडला?" ते प्रत्येकाला उत्तर द्यायचे, पण प्रत्येकाला वेगळं. एका मेंढपाळाला सांगितलं की लहानपणी आवडती घोडी डोळ्यांदेखत मेली म्हणून. शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगितलं की वडिलांशी भांडण झालं, आणि वडिलांना सगळ्यात जास्त राग येईल असं शिक्षण हेच होतं. मी विचारलं नव्हतं, पण एकदा हात धुताना स्वतःहून म्हणाले, "बाई, म्हशीला मी कोण ते कळत नाही. लाथ मारायची तर मारते." यातलं खरं कुठलं? मी मनातल्या मनात ताळा करत बसायची. तिन्ही खरी असतील. एकही नसेल.

दुसऱ्या वर्षी आईच्या शेळीची कास सुजली. मी औषध आणून देणार होते, पण सर म्हणाले, बघितल्याशिवाय देणार नाही. आमच्या वस्तीवर त्यांची जीप आली तेव्हा दारादारांत माणसं उभी राहिली. आईनं उंबऱ्यातूनच "जय भीम" घातला. मला कळलं की ती बघतेय, हा काय म्हणतो. सर म्हणाले, "जय भीम, आई." आणि चप्पल काढून थेट शेळीकडे गेले.

शेळीचं झाल्यावर आईनं चहा दिला. ते प्याले. आईनं त्यांच्याकडे बघत बघत विचारलं, "तुमच्या वाड्यात आमच्या लोकाला पानी मिळत हुतं का?"

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. सरांनी कप खाली ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "माझ्या लहानपणीही आत मिळत नव्हतं. मागच्या दाराला एक नळ होता, तिथं वरून त्यांच्या ओंजळीत ओतायचे. मी बघितलंय. मीही ओतलंय."

"तुमी?"

"सात-आठ वर्षांचा होतो. मला गंमत वाटायची."

शेळी तेवढी ओरडत होती. मग आई उठली, पातेल्यात उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला आणि म्हणाली, "संध्याकाळी परत पिळायची का कास?"

"हो. दोनदा. गरम पाण्यानं शेकून."

ते गेल्यावर मी आईला म्हटलं, "बघ, खोटं नाही बोलला माणूस."

"खरं बोलला म्हून काय झालं?" आई म्हणाली. पण त्यानंतर शेंगदाण्याची चटणी केली की ती एक डबी वेगळी बांधायला लागली. कुणासाठी, हे तिनं सांगितलं नाही. मी नेऊन द्यायची.

गुरांच्या अंगावर गाठी येण्याची साथ आली ते वर्ष मी विसरणार नाही. गोठ्यागोठ्यात जनावरं उभ्यानं थरथरायची. लस मोजकीच यायची आणि एकदा दवाखान्यातून काही बाटल्या गायब झाल्या, तेव्हापासून सर फ्रिजला कुलूप लावून चावी स्वतःकडे ठेवायचे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नवी लस आली. सरांनी ती मोजून आत ठेवली, कुलूप लावलं आणि एक दिवसाची रजा टाकून दरबाराला निघून गेले. चावी खिशातच गेली.

सकाळी दवाखान्यापुढे जनावरं घेऊन माणसं उभी. सरांचा फोन लागेना. दवाखान्यातले पर्यवेक्षकसाहेब म्हणाले, सरकारी कुलूप आहे, मी फोडणार नाही. मी म्हटलं, मी फोडते. तर म्हणाले, तुमची नोकरी जाईल. शेवटी जीपचा ड्रायव्हर आणि मी चावी आणायला निघालो. चार-साडेचार तासांचा रस्ता. ड्रायव्हर नवा सदरा घालून आला होता. "दरबारात जायचंय बाई," तो म्हणाला. मी रोजच्याच साडीवर होते, तिच्यावर आदल्या दिवशीच्या जंतुनाशकाचे डाग.

राजवाडा म्हणजे मी समजत होते तसा काही नव्हता. अर्ध्या भागात शाळा भरत होती, पुढे मोटारसायकली लावल्या होत्या. पण आतल्या चौकात मांडव घातला होता, सनई वाजत होती आणि समोर दोन आसनं. मोठ्यावर थोरले महाराज, शेजारच्या लहान आसनावर सर. अंगावर जरीचा अंगरखा, डोक्यावर मोत्यांचा तुरा लावलेली पगडी, मांडीवर आडवी तलवार. मी त्यांना आधी ओळखलंच नाही. मग त्यांनी नाक खाजवलं, तेव्हा ओळखलं.

जवळ जायचं तर रांगेतूनच. लोक आपट्याची पानं घेऊन पुढे जात होते, वाकत होते, पानं ठेवत होते. कुणीतरी माझ्याही हातात दोन पानं दिली. माझ्या पुढची म्हातारी पायांना हात लावून इतका वेळ रडली की तिला उठवावं लागलं. थोरल्या महाराजांच्या पुढून मी मान खाली घालून तशीच पुढे सरकले. मग मी सरांपुढे आले.

मी वाकले नाही. ठरवून नव्हे. माझी पाठ वाकलीच नाही, इतकंच. पानं त्यांच्यापुढच्या तबकात ठेवली आणि म्हणाले, "सर, फ्रिजची चावी."

सर माझ्याकडे बघत होते, पण कुठल्याही माणसाकडे बघावं तसं. ओळखीचं काहीच त्या नजरेत नव्हतं. "बाजूला थांबा," ते म्हणाले. त्या आवाजात ते माझ्याशी आधी कधी बोलले नव्हते, नंतरही नाही.

मी खांबाजवळ दोन तास उभी राहिले. सनई संपली, आरती झाली, थोरल्या महाराजांचं भाषण झालं. तिकडे शिरूरला माणसं जनावरं धरून बसली होती, आणि इथे मी. रडू यायला लागलं, पण रडायचं नाही असं ठरवलं होतं. शेवटी एक म्हातारा नोकर चांदीचं तबक घेऊन आला. त्यात रेशमी रुमाल, रुमालात आमच्या फ्रिजची गंजकी चावी. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

येताना ड्रायव्हर म्हणाला, "राजा हाय त्यो, बाई. तुमी वाकायला पायजे हुतं."

"गाडी बघून चालव," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात पोचले तर सर माझ्या आधी हजर. पायांत चिखलाचे बूट, हातात सिरिंज. आम्ही दुपारपर्यंत तीन वाड्यांवर लस टोचली. मी जनावर धरत होते, ते टोचत होते, कामापुरतं बोलत होतो. एका विहिरीजवळ भाकरी सोडली तेव्हा ते म्हणाले,

"काल तुम्ही वाकला नाहीत."

"नाही."

"बरं केलंत." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो हातातच धरून बसले. "पण मला वाईट वाटलं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते चेष्टा करत नव्हते.

"दोन्ही खरं आहे," ते म्हणाले. "काय करू?"

मला काय माहीत, काय करायचं! मी म्हटलं, "दोन तास उभं केलंत मला. माणसं खोळंबली होती."

"हो. ते चुकलंच."

एवढंच. माफी मागितली म्हणायची की नाही? मी रागवावं की नाही? घरी आईला सांगितलं तर ती एकदम हसत सुटली. "त्येला वाईट वाटलं!" म्हणत म्हणत हसत राहिली आणि मग मधेच थांबून म्हणाली, "तू बी कोरडीच गेलीस व्हय गं, नमस्कार तर करायचा, हात जोडून." आता हिनंच मला आयुष्यभर काय शिकवलं होतं! त्या दिवशी मी दोघांवरही चिडून जेवले नाही.

असे ते आमच्याकडे नऊ वर्षं राहिले. दोनदा बदली झाली, दोन्ही वेळा लोकांनी बीडला जाऊन ती रद्द करून आणली. मग एका उन्हाळ्यात थोरले महाराज गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. गादी यांच्याकडे आली.

त्या आठवड्यात सर दवाखान्यात यायचे, पण खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत राहायचे. एका दुपारी रजिस्टरवर सही करता करता त्यांनी मला विचारलं, "बाई, मी जाऊ का?"

नऊ वर्षांत त्यांनी मला असं काही विचारलं नव्हतं. कासरा धरा, पाणी गरम करा, टाके धुवा, एवढंच. मी गोंधळले. जा म्हणावं तर आपण कोण? जाऊ नका म्हणावं तर गादी, घराणं, विधवा भावजय, हे सगळं मला काय कळतं? आणि खरं सांगायचं तर त्यांनी जाऊ नये असं मला फार वाटत होतं, आणि ते वाटणं माझ्या कामाचं होतं की त्यांच्या भल्याचं हेही मला कळेना.

"ते तुमचं तुम्ही ठरवा, सर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि सही पुरी केली.

निरोपाच्या दिवशी लोक जनावरं घेऊन आले. कुणी बोलावलं नव्हतं. अंगणात, रस्त्यावर, पार फाट्यापर्यंत गायी, म्हशी, शेळ्या. नांदूरघाटकडच्या एका मेंढपाळानं दोन दिवस चालत कळप आणला होता. सर प्रत्येक जनावरापाशी गेले. दुपार टळली तरी ते फिरतच होते. मी त्यांच्या मागे मागे, सवयीनं हातात पाण्याची बादली घेऊन. जीपमध्ये बसताना त्यांनी मला हात जोडले. मीही जोडले.

मग दीड वर्ष. इकडची माणसं जीप करून त्यांना भेटायला जायची, परत येऊन सांगायची. एक म्हणायचा, सरकार लई खुशीत हायेत. दुसरा म्हणायचा, लई वाळलेत. कुणी म्हणे निवडणुकीला उभे राहणार, कुणी म्हणे कुणाला भेटतच नाहीत. मला एकदाच फोन आला. डोंगरवाडीच्या एका आंधळ्या म्हशीचं काय झालं, असं विचारलं. मी सांगितलं, व्याली, रेडी झाली. "वा," म्हणाले. मी "हॅलो, हॅलो" केलं. "आहे, आहे," म्हणाले आणि फोन ठेवला. मी उलट फोन करायला हवा होता. राजाला कसा करायचा, या विचारात राहून गेला.

एका सकाळी चहा घेताना त्यांचं हृदय बंद पडलं. बावन्न वर्षांचे होते. ड्रायव्हरनं मला फोनवर सांगितलं आणि तो फोनवरच रडायला लागला.

गावात शोकसभा ठरली. फ्लेक्सवर फोटो कुठला टाकायचा यावरून भांडण झालं. तरुण पोरांना पगडीतला हवा होता. काही मेंढपाळ म्हणाले, आमी पगडी कधी बघितलीच न्हाई. माझ्या मोबाइलमध्ये एकच फोटो होता, तोही पाठमोरा, म्हशीपाशी वाकलेले, शर्ट काढलेला. मी दाखवला तर सरपंच म्हणाले, "बाई, हे बरं दिसतं का?" पगडीतला लागला. संध्याकाळी आई मला न सांगता चौकात जाऊन तो फ्लेक्स बघून आली. घरी येऊन भिंतीला टेकून बसली आणि तिचे डोळे वाहायला लागले.

"आई, कावून रडतीस?"

"मला काय म्हाईत," ती म्हणाली आणि चिडून पदरानं तोंड पुसलं.

तेराव्याला आम्ही दोन जीप भरून गेलो. त्या चौकात पुन्हा मांडव होता, पण आसनं नव्हती. जेवणं झाल्यावर एक बाई मला शोधत आली. शिरूरच्या दवाखान्यातल्या बाई कोण, असं विचारत. राणीसाहेबांनी बोलावलं होतं, म्हणजे थोरल्या महाराजांच्या पत्नी. साठीच्या, पांढऱ्या साडीतल्या, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. माडीवरच्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. मला शेजारी बसायला सांगितलं. मी कडेला टेकले.

"तुम्ही त्यांच्याबरोबर होतात ना?" त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं ते तिथं काय करत होते हो?"

मला प्रश्न समजलाच नाही. "म्हणजे, डॉक्टर होते ना, राणीसाहेब."

"ते माहीत आहे. पण करायचे काय? इथं कधी बोलले नाहीत. महाराजांना आवडायचं नाही, म्हणून मीही विचारलं नाही. मग विचारायचं राहिलंच."

मी सांगायला लागले. वार कशी काढायची ते सांगितलं. "हातानं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, इथपर्यंत, आणि माझा खांदा दाखवला. त्या तोंडावर पदर घेऊन हसल्या. बाभळीखालचं टेबल सांगितलं, दारात जाऊन मागितलेला बैल सांगितला, आईची शेळी सांगितली. नळाचंही सांगितलं. ते ऐकताना त्या माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत राहिल्या, पण थांबवलं नाही. एकातून एक आठवत गेलं. खाली भांडी घासून झाली, मांडव सोडायला लागले, तरी मी बोलतच होते. बोलता बोलता मलाच प्रश्न पडला, मी सांगतेय हा माणूस, आणि या ज्याला लहानपणापासून ओळखत होत्या तो, एकच ना? त्या मधे मधे म्हणायच्या, "असं? ते तर पाण्याच्या बाबतीत फार सोवळे होते." किंवा, "गप्पा? ते? इथं तर दिवसदिवस बोलायचे नाहीत."

खालून ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी उठले. त्यांनी माझा हात धरला.

"एवढंच सांगा. सुखी होते का तिथं?"

मला ती खिडकीबाहेर लागलेली नजर आठवली, विहिरीजवळचा तो भाकरीचा तुकडा आठवला, आणि म्हशीच्या मालकिणीशी चाललेल्या त्या लग्नाच्या गप्पाही आठवल्या.

"हो," मी म्हटलं. "लई सुखी होते."

त्यांनी डोळे मिटले आणि हात सोडला. जीपमध्ये सगळे विचारत होते, काय म्हणाल्या राणीसाहेब, काय दिलं का. मी म्हटलं, काही नाही, विचारपूस केली. नगर सोडून गाडी पुढे आल्यावर मला वाटायला लागलं की आपण त्या बाईशी खोटं बोललो. आष्टीच्या पुढे वाटलं, नाही, खरंच बोललो. शिरूर येईपर्यंत हेच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि नवे डॉक्टर रजेवर होते, म्हणून सकाळी लवकर जाऊन दवाखाना मलाच उघडायचा होता.